चकली कितीला, ते आधी सांगा

नमस्कार मंडळी, आज जरा घरातून धंदा करणाऱ्यांशी बोलायचंय, म्हणजे फराळ, मसाले, पोळीभाजीचे डबे असं काही जे विकतात ना त्यांच्याशी. तुमचा माल छान असतो हो, मेसेज मात्र शेवटपर्यंत कोणी वाचत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी दिवाळीआधी मला त्यांचा मेसेज दाखवला, "आमच्याकडे सर्व प्रकारचे चविष्ट, रुचकर व स्वादिष्ट फराळाचे पदार्थ योग्य दरात मिळतील, एकदा अवश्य संधी द्यावी." मी म्हटलं काकू, चविष्ट रुचकर स्वादिष्ट हे एकच तीनदा झालं की, आणि योग्य दर म्हणजे किती? तर म्हणाल्या, "अगं तेच तर सगळे फोन करून विचारतात!" मग आम्ही बसलो आणि लोक फोनवर जे विचारतात तेवढंच लिहून काढलं, काय आहे, कितीला, कधी सांगायचं, घरी आणून देणार का.

"भाजणीची चकली, ५०० रु. किलो. ऑर्डर दोन दिवस आधी. कोथरूडला घरपोच."

मधल्या जागा धरून ६३ अक्षरं. मोजली कारण काकूंना एसएमएस पाठवायचा होता, काही जुनी गिऱ्हाइकं अजून साधा फोन वापरतात, आणि एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं बसतात पण देवनागरी फक्त ७०, त्यात काना, वेलांटी, उकार सगळं वेगळं मोजतात, म्हणजे नुसत्या 'चकली'ची चार होतात. त्याच्या वर गेलं की एकाचे दोन मेसेज धरतात.

आता चव कशी सांगायची? 'उच्च दर्जा' लिहून काही कळत नाही, 'शेंगदाणा तेलात तळलेली' लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच वास येतो बघा. पण तेल खरंच तेच असेल तरच लिहा हं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्याहीपेक्षा गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही.

पुण्यातल्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी मला फार आवडते, चारच शब्द, पण खरं दुकान हेच, याच नावाचं दुसरं दिसलं तर ते आमचं नाही, हे सगळं त्यात आलं.

आणि एक, माल संपला की तेही कळवा. काकूंनी लिहिलं, "चकली संपली. पुढचा घाणा सोमवारी." त्या मेसेजवर रविवारी रात्रीपर्यंत ऑर्डरी येत होत्या.