फुकट शाळा आणि पणजोबांचा रुपया

मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा. बघा, कुणीच केला नाही, म्हणजे एकतर माईक चांगला आहे किंवा अगदीच बंद आहे.

पत्रिकेत विषय छापलाय 'मेरिट गुड्स आणि सरकार', म्हणजे शाळा, लस अशा, सगळ्यांना मिळायलाच हव्यात असं समाजाला वाटतं त्या गोष्टी. सरकारने फुकट वाटायचंच कशाला, असं विचारणारे एक गृहस्थ पहिल्या रांगेतच बसलेत, नाव घेत नाही, हसतायत ते.

तर शाहू महाराजांनी १९१७ ला करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. हे भाषणात सगळेच सांगतात, पण दंड भरणारा माणूस कुणी सांगत नाही. तो आमच्या घरात होता. माझे पणजोबा. त्यांचा हिशोब साधा होता, पोरगं शाळेत गेलं तर म्हसरं कोण राखणार, राखोळी ठेवायचा तर त्याला धान्य द्यावं लागणार, मग रुपया परवडला. पहिला रुपया म्हणे त्यांनी पाटलासमोर आपटला, "घ्या, पोरगं स्वस्तात पडलं!" दुसऱ्या महिन्यालाही भरला. तिसऱ्या वेळी पणजी मध्ये पडली, रुपया माझ्या गाडग्यातला जातोय, म्हसरं तुम्ही राखा. आणि आजोबा शाळेत गेले. (टाळ्या पणजीला हव्यात, शाहू महाराजांना नेहमी मिळतात.) चौथीच शिकले, पण पुढे अख्ख्या गल्लीची पत्रं वाचायला, सावकाराचा कागद बघायला, अर्ज लिहायला लोक आमच्या सोप्यात बसायचे. कुणी एक पैसा दिला नाही. पणजोबांच्या हिशोबात हे कुठेच नव्हतं, असणार कसं!

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. बरं, भराभर.

रिचर्ड मसग्रेव्ह नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५० च्या दशकात मेरिट गुड ही कल्पना मांडली. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड एकट्याला विकता येत नाही, म्हणून तो सरकारने लावायचा. शाळेचं तसं नाही, फी लावून विकता येते, लस पण येते. पण नुसतं बाजारावर सोडलं तर लोक ती हवी त्यापेक्षा कमी घेतात, कारण खर्च आज असतो, फायदा दहा वर्षांनी, तोही निम्मा शेजाऱ्याला, आणि कित्येकांच्या खिशात पैसाच नसतो. म्हणून किंमत उतरवायची, नाहीतर फुकट द्यायचं, कधी सक्ती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं होतं, पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सहा ते चौदा वयाला हक्क मिळायला २००९ चा कायदा यावा लागला.

दारू-तंबाखू ही उलटी बाजू, तिथे कर लावायचा आणि त्याच करावर तिजोरी भरायची, यावर अर्धा तास होता माझ्याकडे, राहू दे.

आता पहिल्या रांगेचा आक्षेप, आमच्यासाठी चांगलं काय ते सरकार कोण ठरवणार? रास्त आहे. पणजोबाही तेच म्हणत होते. पण दंड लावायचा तर शाळा गावात हवी ना! २०२३ ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं घाटत होतं, म्हणजे वाडीतलं पोर आणखी लांब जाणार, आणि शाळा लांब गेली की पहिली पोरगी घरी बसते. तेव्हा रुपया कुणाकडून घ्यायचा, ते सांगा.