चव कुणीकडे नेते?

मित्रहो, सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे, वळणाऱ्यांना चवीची मदत होते का, असा आजचा विषय आहे. आपल्या देशात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. मग दादरमध्ये बसून हे बोलायचं कशाला? तर चवीबद्दल बाहेरच्या देशांत जे कळलं, ते आपल्या टपरीवर जसंच्या तसं लागू पडतं, म्हणून.

सिगारेट ओढणाऱ्याची तलफ फक्त निकोटिनची नसते. धुराचा वास, घशाला बसणारा हलका ठसका, चहाच्या घोटाबरोबरची ती कडवट चव, हे सगळं मेंदूने निकोटिनशी जोडून ठेवलेलं असतं. झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोचतं, आणि वर्षानुवर्षं रोज हे घडत राहिलं की नुसत्या वासानेसुद्धा हात खिशाकडे जातो. निकोटिन वेगळ्याच चवीबरोबर मिळालं, तर ही सांगड तुटायला मदत होऊ शकते.

इंग्लंडमध्ये झालेली एक चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली. सिगारेट सोडू पाहणारे 886 लोक त्यात होते. काहींना निकोटिनचे पॅच, गम वगैरे दिलं, काहींना पुन्हा भरता येणारी ई-सिगारेट; समुपदेशन दोघांनाही. वर्षभरानंतर पहिल्या गटातले 9.9 टक्के सिगारेटपासून लांब होते, दुसऱ्यातले 18 टक्के. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील. ई-सिगारेटमध्ये भरायच्या द्रवाची सुरुवातीची बाटली तंबाखूच्या चवीची होती, पुढे मात्र आपल्याला आवडेल ती चव आणि निकोटिनची हवी ती तीव्रता निवडून आणा असं लोकांना सांगितलं होतं. हा फरक चवीमुळेच पडला, असं त्या चाचणीवरून म्हणता येत नाही. पण सिगारेट सोडल्यावर मेलेलं नाक हळूहळू जागं होतं, आणि फळाच्या चवीला सरावलेल्या माणसाला जुना धूर नकोसा वाटू लागतो, हे व्हेपकडे वळलेले अनेकजण सांगतात. मी ते खरं मानतो.

याच चाचणीतली दुसरी बाजूही ऐका. ई-सिगारेटच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. धूर सुटला, निकोटिन नाही. तंबाखू जळत नाही म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं, हा फायदा मोठाच आहे. पण जे खायला चालतं ते फुप्फुसात ओढायला चालतंच असं नाही. लोण्याचा स्वाद देणारं डायअॅसिटिल पोटात गेलं तर त्रास नाही. त्याची वाफ श्वासातून घेणाऱ्या, पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झाली. मुंबईत चोरून मिळणाऱ्या व्हेपमध्ये काय भरलंय, हे तपासणारं कुणी नाही.

आणि मुलं? अमेरिकेत 2019 च्या पाहणीत हायस्कूलमधल्या 27.5 टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना फळांची किंवा पुदिन्याची चव हवी होती. ज्या आंब्याच्या चवीने चाळिशीतला माणूस धुरापासून लांब जातो, तीच चव पंधरा वर्षांच्या मुलाला निकोटिनपर्यंत आणते. म्हणून चव चांगली की वाईट, या वादात मला रस नाही. ती कुणाला कुठून कुठे नेते, एवढंच मी बघतो.

आता आपल्या टपरीवर या. फिल्टरमध्ये गोळी असलेली सिगारेट उघड्यावर, कायदेशीर मिळते. चिमटीत धरून टचकन फोडायची, की धुराला थंडावा येतो. मागे बसलेली मुलं हसताहेत, त्यांना ठाऊक आहे. त्या गोळीतलं मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचा गारवा देणारा पदार्थ, शरीरातल्या गारवा जाणवणाऱ्या नसांना चेतवतं, त्यामुळे पहिल्या झुरक्याचा जाळ घशाला कळतच नाही. खरं तर तो ठसका म्हणजे शरीराने दिलेला नकार असतो, आणि ही गोळी तो दाबून टाकते. अमेरिकेने मेंथॉल सोडून बाकी चवींच्या सिगारेटवर 2009 मध्येच बंदी घातली. युरोपीय संघाने मे 2020 मध्ये मेंथॉलही बंद केलं. आपल्याकडे व्हेपला बंदी, आणि जळणाऱ्या तंबाखूला मात्र पुदिना मोकळा! महाराष्ट्रात 2012 साली गुटखा बंद झाला, तरी वेलची-केशराच्या वासाचा पानमसाला आणि तंबाखूची वेगळी पुडी अशी जोडी त्याची जागा घेऊन बसली. म्हणजे आपल्याकडची चव माणसाला तंबाखूकडेच नेते आहे. कायद्यात आधी दुरुस्ती हवी ती इथे: सिगारेटमधून चव काढा.

सोडणाऱ्यांसाठी चव हवीच, आणि ती कायदेशीर मार्गाने मिळते. निकोटिनचा गम पुदिन्याच्या, पानाच्या चवीत येतो. लोक तो साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावतात, मग उचकी लागते, मळमळतं, आणि ‘मला नाही चालत’ म्हणून सोडून देतात. तो सावकाश चावायचा. तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा दोनचार वेळा चावायचा. त्याआधी आणि चघळताना पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. एक चव आवडली नाही तर दुसरी घ्या, पण गम सोडू नका. आणि एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे.