खरकटं, पाचोळा आणि रद्दी

दुपारचे अडीच. वसतिगृहाच्या मेसमधली शेवटची पंगत उठलीय. मागच्या दाराशी पिंप आहे. त्यात भात, आमटी, पोळ्यांचे तुकडे आणि त्यातच कागदी रुमाल, दह्याचे डबे, दुधाच्या पिशव्या. विद्यापीठाचा कचरा म्हटलं की डोळ्यांसमोर कागद येतो. पण सगळ्यात जड, सगळ्यात लवकर वास मारणारा कचरा असतो तो या पिंपात.

दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना २०१६च्या घनकचरा नियमांनी वेगळं काढलं. त्या यादीत विद्यापीठं आणि वसतिगृहंही आली. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा, असं त्यांना सांगितलं गेलं.

पुण्यात विद्यापीठ आणि कचरा यांची गाठ याच्या खूप आधी पडली होती. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. सुरुवात शिक्षणाची होती, पण पाटीपेन्सिलीआधी उकिरडा समोर आला. कुंडीत वाकायचं, सडक्या अन्नातून कागद, काच, पत्रा उपसायचा आणि वर चोर म्हणवून घ्यायचं. हाच माल लोकांनी घरातच वेगळा काढून दिला तर? १९९३मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीनं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८मध्ये पुणे महापालिकेनं दारोदारच्या कचरा संकलनासाठी तिच्याशी करार केला.

या बायकांचा हिशेब सोपा आहे. भाव मिळतो तो कोरड्या मालाला. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारच्या दुकानात कोणी हातात धरत नाही. म्हणजे मेसच्या पिंपात रुमालासोबत टाकलेला खोका त्याच क्षणी रद्दीतून बाद होतो.

आता त्याच आवारातली झाडं बघा. हिवाळा सरता सरता पाचोळ्याचे ढीग लागतात. कितीतरी आवारांत ते पहाटे पेटवून देतात, आणि खरकट्याचं खत करताना त्यात मिसळायला भुसा मात्र विकत आणतात! खरकट्यात पाणी आणि नत्र जास्त, पाचोळ्यात कर्ब जास्त. एक थर याचा, एक थर त्याचा, अधूनमधून ढीग वरखाली करायचा. हवा खेळती राहिली की वास येत नाही. हवा कोंडली की सगळं आंबतं, तक्रारी सुरू होतात आणि खत करायचं महागडं यंत्र कुलूपबंद होतं. यंत्रापेक्षा ढीग हलवणारा माणूस आणि त्याचा पगार आधी ठरायला हवा, पण उद्घाटन यंत्राचंच होतं.

मुलींच्या वसतिगृहात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल बैठकीत कोणी बोलत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी चालवली. वर्गीकरण करणाऱ्या हाताला पुडी न उघडताच आत काय आहे ते कळावं, एवढीच मागणी.

परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या होतात. गाद्या, बादल्या, जर्नलं, पुस्तकं, सगळं दोन-चार दिवसांत जिन्याखाली येऊन पडतं. त्यातलं बरंचसं जूनमध्ये नवी मुलं पुन्हा विकत घेतात. एक कोरडी खोली आणि उन्हाळाभर तिची किल्ली सांभाळणारं कोणी, एवढी सोय झाली तरी बादल्या आणि गाद्या पुढच्या वर्षी वापरता येतील. जर्नलं तेवढी रद्दीत जातील, कोरडी आणि पूर्ण भावानं.