बॅटरी हवी, पण गायरानात नको

(पहाट. नाथसागर. पाण्याचा आवाज तसाच ठेवावा.)

उजाडायच्या आत पैठणचे मच्छीमार या पाण्यात उतरतात. थर्माकोलचा तराफा, त्यावर एकच माणूस. रात्री लावलेलं जाळं तो हळूहळू वर घेतोय. त्याच्या अंगठ्याकडे बघा. मासा कल्ल्यापाशी अडकलाय. त्याला ओढायचं नसतं, दोरा नखानं मागं सारायचा. ओढला तर जाळं फाटतं आणि मासाही भावातून जातो.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. 27 दरवाजे, 102 टीएमसीची साठवण. पाणी पसरट आणि कडेला उथळ, त्यामुळे ते ओसरलं की लांबच लांब गाळ उघडा पडतो. माणसं त्यावर गाळपेरा करतात, पक्षी त्यातच चरतात. हिवाळ्यात रोहित येतात, चक्रवाक येतात, थापट्या येतात. 1986 मध्ये हे पक्षी अभयारण्य झालं.

(रोहितांचा थवा उठतो. इथे निवेदन नाही.)

जुलै 2017 मध्ये केंद्र सरकारनं अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. अशा अधिसूचनेत कामांच्या तीन याद्या असतात: बंदी असलेली, नियंत्रणाखालची आणि उत्तेजन द्यायची. खाणी पहिल्या यादीत. तिसऱ्या यादीत सेंद्रिय शेती, पावसाचं पाणी अडवणं आणि नवीकरणीय ऊर्जेचा वापर. वाचताना यात खटकण्यासारखं काहीच नाही. पण याच पाण्यावर तरंगत्या सौर प्रकल्पाची निविदा निघाली, मासेमारी करणाऱ्या कहार समाजाची समिती हरित न्यायाधिकरणात गेली, आणि तिथे नेमकी नवीकरणीय ऊर्जेची हीच ओळ पुढे आली. अर्ज फेटाळला गेला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही.

शाळेच्या छपरावरचं पॅनेल आणि एकरभर पसरलेला, वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांचा प्रकल्प या ओळीला सारखेच. आमचं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

(उपकेंद्र. तिन्हीसांज. ट्रान्सफॉर्मरची घरघर.)

बॅटरी लागणारच. ऊन दुपारी असतं आणि दिवे संध्याकाळी लागतात. बॅटरीच्या आजच्या वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 5 मेगावॉट-तास मावतात, म्हणजे 5,000 युनिट. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या पन्नास घरांची महिनाभराची वीज एका कंटेनरमध्ये. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं सल्ला दिला, की यापुढे सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तास पुरेल अशी साठवणूक असावी. म्हणजे पॅनेल जिथे जातील तिथे कंटेनरही जातील. सल्ला बरोबर आहे. फक्त जागा कोणती, हे आधी ठरायला हवं होतं.

पर्यावरण मंजुरीची 2006 ची अधिसूचना काढून बघा. तिच्या परिशिष्टात औष्णिक वीज आहे, जलविद्युत आहे, अणुवीज आहे. बॅटरी साठवणूक नाही. यादीत नाव नाही, म्हणून त्या कायद्याखाली जनसुनावणीही नाही. गावाला विचारायची जी एक जागा होती, तीच वगळली गेली.

(परळी वैजनाथ. औष्णिक केंद्र, दुरून.)

जागा नाही असं नाही. ही परळी. 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून इथले संच बंद ठेवावे लागले होते, आणि जुने संच तर कायमचेच बंद झाले. इथली जमीन कधीच कारखान्याची झाली आहे. मनोरे उभे आहेत, तारा ओढलेल्या आहेत, रस्ता आहे. बॅटरी आधी अशा ठिकाणी जावी, मोठ्या उपकेंद्रांच्या आवारात जावी. अभयारण्याची हद्द, पाणथळ आणि गायरान यांचा नंबर यादीत शेवटी, आणि तोही ग्रामसभेत विचारूनच. अभयारण्याभोवतीच्या क्षेत्राच्या अधिसूचनेत, तिसऱ्या यादीत ‘नवीकरणीय ऊर्जा’ या शब्दांपुढे एक ओळ वाढवा: मोठी बॅटरी साठवणूक यात धरू नये. बस, एवढंच मागणं आहे.

(पाटोदा तालुका. बालाघाटाचं पठार. मागे पवनचक्क्या.)

आणि हे गायरान. सरकारी नकाशांत अशा माळांना पडीक म्हणतात. बसून बघा. कुसळी आहे, मारवेल आहे, पवन्या आहे. मेंढपाळ चालता चालता एक काडी उपटतो, चावून बघतो आणि कळप डावीकडे वळवतो. उजवीकडचं गवत अजून कोवळं आहे, ते पंधरा दिवस राखायचं. पडीक जमिनीवर एवढा हिशोब कोण करतो? इथे लांडगा आहे, खोकड आहे. नायगावचं मयूर अभयारण्य याच तालुक्यात. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या, सातबारावर नाव नसलेल्या घरांची ही एवढीच जमीन. जमीन सरकारची असली की व्यवहार करायला सोपी पडते. म्हणून तारेचं कुंपण पहिलं इथेच येतं.

16 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला बॅटरीचा मोठा प्रकल्प पेटला. हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली आणि शेजारच्या पाणथळीच्या मातीत निकेल, कोबाल्ट, मँगनीज सापडलं. आता येणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या त्या मानानं कमी पेट घेतात. तरी आग लागलीच, तर शेजारचे कंटेनर गार ठेवायला पाणी मारावं लागतं, आणि ते पाणी उताराकडेच जातं.

(मेंढ्या ओढ्यात उतरतात.)

कळप आता पाण्यावर आलाय. पाटोद्याच्या या डोंगरांतले ओढे सिंदफणेला मिळतात. सिंदफणा मंजरथला गोदावरीत जाते.

(घंटांचा आवाज. निवेदन संपलं.)