तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं कुणी शिरतंय का? असं तपासा

नमस्कार! परवा मावशीचा फोन आला. "अगं, माउस आपोआप हलतोय. आत कुणी शिरलंय का?"

मी लगेच गेले. माउस काचेच्या टेबलावर होता, म्हणून थरथरत होता. पण आलेच आहे तर बघावं म्हणून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम्सची यादी) उघडला, तर ॲनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, चालू! सहा महिन्यांपूर्वी प्रिंटर जोडताना एका मुलानं फोनवरून ते टाकायला लावलं होतं. काम झालं, पैसे दिले, ॲनीडेस्क मात्र तिथंच राहिलं.

म्हणून सांगते, माउसकडे बघू नका, या यादीकडे बघा. ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप. यातलं तुम्ही स्वतः काय टाकलंय? ही रीतसर सॉफ्टवेअर आहेत, त्यामुळे अँटीव्हायरस बहुतेक वेळा काहीच बोलत नाही.

आता खरी गंमत बघा. ॲनीडेस्क हजेरी लिहून ठेवतं. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅमडेटा हे लपवलेलं फोल्डर असतं. व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू केलं की दिसतं. त्यात ॲनीडेस्कचं फोल्डर, आणि आत कनेक्शन ट्रेस नावाची टेक्स्ट फाइल. 'इनकमिंग' लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे बाहेरून आत यायला बघणारा माणूस: तारीख, वेळ, त्याचा आयडी. ओळीत 'युजर' असेल तर समोर बसलेल्यानं ॲक्सेप्ट दाबलंय. पासवर्डची खूण असेल तर तो पासवर्ड टाकून आलाय, तुम्ही खुर्चीत नसतानाही येऊ शकतो. मावशीच्या फाइलमध्ये एकच ओळ होती, प्रिंटरच्या दिवसाची. माझा जीव भांड्यात पडला. टीमव्ह्यूअरच्या फोल्डरमध्येही अशीच 'कनेक्शन्स इनकमिंग' फाइल असते.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप? होम एडिशनमध्ये त्यातून बाहेरचा कुणी आत येऊ शकत नाही. प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉपमध्ये जाऊन बंद करा. मग इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाच्या, म्हणजे लॉगऑन झाल्याच्या, नोंदी बघा. त्या ढिगानं असतील, घाबरू नका. लॉगऑन टाइप ५ म्हणजे विंडोजच्याच सेवा. तुम्हाला शोधायचाय टाइप १०, तो रिमोट डेस्कटॉपचा.

चालू असलेली नेटवर्क कनेक्शन्स दाखवणाऱ्या नेटस्टॅट कमांडवर मी फारशी विसंबत नाही. ब्राउझर उघडा असला तरी 'एस्टॅब्लिश्ड'च्या ओळीच ओळी येतात, आणि माणूस उगाच हादरतो.

एक मात्र लक्षात ठेवा. चोरून घुसवलेला ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेलं घातक सॉफ्टवेअर, अशी हजेरी लावत नाही. त्यासाठी विंडोज सिक्युरिटीमधलं डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, आधी काम सेव्ह करा.

अनोळखी नोंद सापडली तर? आधी इंटरनेट तोडा. घाईनं काही डिलीट करू नका, त्या फाइलचा मोबाइलवर फोटो काढा. मग ते सॉफ्टवेअर काढून टाका. बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, या कॉम्प्युटरवरून नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच क्षणी फोन लावा. सकाळपर्यंत थांबू नका.