टपालपेटीआडचा एजंट

[मीडिया गाव. स्टेट स्ट्रीटवरची ट्रॉली. तिथून व्हेटरन्स स्क्वेअर.]

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियापासून वीसेक किलोमीटरवर मीडिया नावाचं गाव आहे. डेलावेअर काउंटीचं हे मुख्यालय. भर बाजारातून रूळ गेलेत, त्यावरून ट्रॉली धावते. पुढे न्यायालय, आणि न्यायालयासमोर ही इमारत. 1971 साली इथे भाडेकरू राहायचे, आणि त्याच इमारतीत जिना चढून गेलं की एफबीआयचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचं, एक छोटं कार्यालय होतं.

फुटपाथवरची ही निळी पाटी पेनसिल्व्हेनिया राज्याने 2021 साली बसवली. इथे झालेल्या घरफोडीची नोंद तिच्यावर आहे. सरकारी कार्यालय फोडणाऱ्यांची आठवण सरकारलाच पाटी लावून जपावीशी वाटली, असं काय निघालं त्या कपाटांतून?

[हॅवरफर्ड कॉलेजचा परिसर.]

विल्यम डेव्हिडन इथे भौतिकशास्त्र शिकवायचे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात ते उघडपणे उभे होते. 1970 सालापर्यंत चळवळीतली माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली होती. सभेत मागच्या रांगेत बसलेला कोण? फोनवर मधूनच खरखर कसली? पोलिसांचा माणूस आपल्यात आहे, हे सगळ्यांना वाटायचं, पण पुरावा कुणाकडेच नव्हता. एफबीआयवर जे. एडगर हूवर यांची 1924पासून एकहाती सत्ता होती. त्यांना जाब विचारण्याची हिंमत ना संसदेत होती, ना राष्ट्राध्यक्षांत.

पुरावा एकाच ठिकाणी मिळेल, असा विचार डेव्हिडन यांनी केला. तो म्हणजे एफबीआयच्या स्वतःच्या फायलींमध्ये.

त्यांनी माणसं जमवली. एकूण आठ जण. त्यांत टेंपल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारे जॉन रेन्स आणि त्यांच्या पत्नी बॉनी होत्या. त्यांना तीन लहान मुलं होती. पकडलो गेलो तर मुलांना कोण सांभाळेल, हे त्यांनी आधीच नातेवाइकांशी बोलून ठेवलं होतं. टॅक्सी चालवणारा कीथ फोर्सिथ होता. त्याने टपालाने कुलपांचा अभ्यासक्रम मागवला आणि कुलूप उघडण्याची हत्यारं स्वतः घडवली.

[रेन्स दांपत्याच्या घराचा पोटमाळा. जुने नकाशे.]

फिलाडेल्फियातल्या कार्यालयावर पहारा कडक होता, म्हणून मीडिया निवडलं. त्यानंतर संध्याकाळच्या संध्याकाळ गाड्यांत बसून टेहळणी चालली. पोलिसांची गाडी किती वाजता फिरते, भाडेकरू कधी परततात, कुठल्या खिडकीतला दिवा केव्हा विझतो, सगळं टिपून ठेवलं. ज्यांच्यावर पाळत होती, तेच आता पाळत ठेवणाऱ्यांवर नजर ठेवून होते.

आत जाऊन पाहणं मात्र भाग होतं. ते काम बॉनीने केलं. आपण कॉलेजात शिकतो आणि एफबीआयमध्ये स्त्रियांना कोणत्या संधी आहेत यावर लिहितो आहोत, असं सांगून तिने भेटीची वेळ घेतली. केस टोपीखाली खोचलेले, हातांत हातमोजे. मुलाखतभर तिने ते काढले नाहीत. टिपणं घेता घेता तिची नजर खोलीभर फिरत होती. धोक्याची घंटा नव्हती. कपाटांना कुलपं नव्हती. आणि दुसरं एक दार होतं, त्याच्याआड उंच कपाट उभं केलेलं.

दिवस ठरला 8 मार्च 1971. त्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत होती. फ्रेझर फिलाडेल्फियाचा. पोलीस असो की भाडेकरू, सगळ्यांचे कान रेडिओकडे असणार, हा हिशोब होता.

[दाराची चौकट. कुलपाचं जवळून दृश्य.]

फोर्सिथ आधी एकटाच आला आणि दारासमोर खिळून राहिला. पाहणीच्या वेळी एक साधं कुलूप होतं, तिथे आता दुसरं दिसत होतं, त्याला न उघडता येणारं. त्याने बाहेर जाऊन साथीदारांना फोन केला. बेत रद्द करायचा की नाही? शेवटी ठरलं, दुसऱ्या दाराने जायचं. त्याने कुलूप उघडलं, अडसर पहारीने उचकटला, आणि दाराआडचं कपाट मोटारीच्या जॅकच्या दांड्याने इंचाइंचाने सरकवायला सुरुवात केली. कपाट कोसळलं असतं तर सगळी इमारत जागी झाली असती. ते कोसळलं नाही. त्याच्यामागून चार जण नीटनेटक्या कपड्यांत, सूटकेस घेऊन जिना चढले आणि एकेक खण रिकामा करून सगळे कागद घेऊन गेले.

रातोरात कागद तासाभराच्या अंतरावरच्या एका शेतघरात पोचले. तिथे पुढचे काही दिवस वाचन चाललं.

[मूळ कागदपत्रं. कॅमेरा ओळीवरून ओळीवर.]

आता हे कागद बघा. आमच्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे, म्हणून आम्ही ते पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवले आहेत.

चळवळीतल्या लोकांच्या अधिक मुलाखती घ्या, असं हा कागद एजंटांना सांगतो. कारणही देतो: त्यामुळे या मंडळींच्या मनातला संशयाचा विकार वाढेल, आणि प्रत्येक टपालपेटीआड एफबीआयचा एजंट आहे, हे त्यांच्या मनावर ठसेल. या ओळीत गुन्ह्याचा शोध कुठेही नाही. नागरिकांना भीती वाटावी, हाच उद्देश आहे आणि तो टंकलिखित आहे.

हा दुसरा कागद स्वार्थमोर कॉलेजबद्दलचा. तिथल्या एका प्राध्यापकावर नजर ठेवायला फोनच्या स्विचबोर्डवरची ऑपरेटर, गावातले पोलीस आणि टपाल खात्यातली माणसं कामी लावली होती. तिसरा कागद कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांचा. त्यांनी काही केलं असो वा नसो, सरसकट सगळ्यांची चौकशी करायचा आदेश.

कार्यपद्धतीचे कागद वगळून त्या आठ जणांनी बाकीच्यांची वर्गवारी केली. 40 टक्के कागद राजकीय पाळतीचे निघाले. संघटित गुन्हेगारीचा वाटा 1 टक्का.

[वॉशिंग्टन पोस्टचं पहिलं पान.]

निवडक कागदांच्या प्रती टपालाने निघाल्या. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि काँग्रेस सदस्य पॅरन मिचेल यांनी आपल्याकडे आलेलं पाकीट एफबीआयला परत केलं. वॉशिंग्टन पोस्टच्या बेट्टी मेड्सगर यांनी परत केलं नाही. बातमी छापू नका, माणसांच्या जिवावर बेतेल, असे फोन ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जॉन मिचेल पोस्टला करत राहिले. हेच मिचेल पुढे वॉटरगेट प्रकरणात दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. 24 मार्चला पोस्टने बातमी छापली.

त्या ढिगात एक साधी चिठ्ठी होती, टेबलावरून टेबलावर कागद पाठवताना लावतात तशी. तिच्यावर एक शब्द होता: कोइंटेलप्रो. त्याचा अर्थ चोरी करणाऱ्यांनाही कळला नाही. एनबीसी वाहिनीचे वार्ताहर कार्ल स्टर्न यांनी तो शब्द धरून ठेवला, माहिती मागितली, नकार मिळाल्यावर कोर्टात गेले. 1973च्या डिसेंबरमध्ये पहिले कागद हाती आले आणि कोइंटेलप्रो ही एफबीआयची 1956पासून चाललेली गुप्त मोहीम उघडी पडली: निनावी पत्रं, पेरलेल्या अफवा, मोडलेल्या नोकऱ्या, फोडलेल्या संघटना. मार्टिन ल्यूथर किंग यांना 1964च्या नोव्हेंबरमध्ये, नोबेल स्वीकारायच्या काही दिवस आधी, ध्वनिफितीसोबत धाडलेलं निनावी पत्र एफबीआयचंच होतं. जीव दे, असं ते आडून सुचवत होतं.

[ते पत्र. दोन-तीन ओळींवर कॅमेरा थांबतो. निवेदन नाही.]

1975 साली सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सीआयए या गुप्तचर संस्थेने वीस वर्षांत जवळजवळ अडीच लाख खासगी पत्रं फोडली होती. लिंडन जॉन्सन यांच्यासाठी एफबीआयने 1964च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनावर पथक धाडलं होतं, निक्सन यांच्या काळात पत्रकारांचे फोन ऐकले होते. गैरवापर दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी केला. 1978 साली अशा पाळतीवर कायदा आला आणि तिला परवानगी देणारं एक गुप्त न्यायालयही. त्या आठ जणांच्या मागे दोनशेच्या आसपास एजंट होते, पण 1976 साली तपास बंद झाला आणि 2014पर्यंत त्यांची नावं जाहीर झाली नाहीत.

[आजच्या वॉशिंग्टनमधली संसदेची इमारत.]

सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल, असं 1964 साली शंभरातले 77 अमेरिकन सांगायचे. प्यू या संशोधन संस्थेच्या 2023च्या पाहणीत हा आकडा 16वर आला होता. व्हिएतनाम, वॉटरगेट, इराक, मंदी, सगळ्यांचा यात हात आहे. पण लोकांचा संशय उगाच नाही, हे कागदोपत्री पहिल्यांदा दिसलं ते या गावातल्या कपाटांमधून.

आणि पाळत संपलेली नाही. 1978च्या त्याच कायद्यात 2008 साली 702 क्रमांकाचं कलम घातलं गेलं. अमेरिकेबाहेरच्या परदेशी माणसाचे ईमेल आणि फोन त्याखाली वॉरंटशिवाय गोळा करता येतात. पुण्या-नाशिकचा माणूसही त्या कायद्याच्या लेखी परदेशीच. त्यांच्याशी बोलणारे अमेरिकन आपोआप त्याच साठ्यात येतात, आणि तो साठा एफबीआयला चाळता येतो. 2023च्या मे महिन्यात त्याच गुप्त न्यायालयाचा एक निकाल उघड झाला. एफबीआयने हा साठा 2,78,000हून अधिक वेळा नियमबाह्य चाळला होता. शोधलेल्या नावांमध्ये पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर निदर्शनांत अटक झालेली माणसं होती, 6 जानेवारी 2021च्या संसद हल्ल्यातले संशयित होते, आणि एका उमेदवाराच्या निवडणूक मोहिमेला देणगी देणारे 19,000 लोक होते.

12 एप्रिल 2024ला प्रतिनिधीगृहात दुरुस्ती आली: अमेरिकन नागरिकाचं नाव शोधायचं तर आधी वॉरंट घ्या. बाजूने 212 मतं पडली, विरोधातही 212. बरोबरी झाल्याने दुरुस्ती पडली, आणि त्याच महिन्यात हे कलम आणखी दोन वर्षांसाठी मंजूर झालं.