पिस्तुलावरचा दिवा आणि लेझर

उपस्थित परवानाधारक आणि माजी सैनिक बंधुभगिनींनो, पिस्तुलाच्या नळीखाली बसणारा दिवा आणि लेझर यांचा जोड कसा निवडावा, हा आजचा विषय आहे. पण त्याआधी माझा एक आग्रह मांडतो. या जोडात मुख्य काम दिव्याचे आहे. लेझरचा ठिपका चोराच्या छातीवर जितका ठळक दिसतो, तितकाच तो रात्रीच्या थ्री-फेजवर उसाला पाणी पाजायला गेलेल्या आपल्या भावाच्या छातीवरही दिसतो. समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे केवळ दिवाच दाखवतो.

माझी तक्रार आहे ती खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ‘१००० लुमेन’ असे मोठ्या अक्षरांत छापतात; लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, तर त्याचा झोत मध्यभागी किती तीव्र आहे हे कँडेला सांगते. झोताचे अंतर छापतात तेही पाव लक्स प्रकाश उरेपर्यंतचे (लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप), म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतके. १०,००० कँडेलाच्या दिव्याला या हिशेबाने ‘२०० मीटर’ मिळतात, पण त्या अंतरावर चेहरा ओळखू येत नाही. २० मीटरवर मात्र २५ लक्स प्रकाश पडतो. शिवाय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळी धुके उतरले की पसरट, भडक झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि घरात चुन्याच्या पांढऱ्या भिंती तेच करतात. म्हणून अंगणासाठी आणि शेतासाठी दिवा निवडताना दोन्ही आकडे विचारावेत, आणि शक्य असल्यास तो रात्री लावून पाहावा.

एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पिस्तुलावरचा दिवा जिकडे वळतो, तिकडे नळीही वळते. त्यामुळे गोठ्यात खुडबुड कसली झाली हे पाहण्यासाठी हातातली बॅटरी वेगळी हवीच.

अध्यक्षांनी वेळेची सूचना केली आहे, म्हणून उरलेले थोडक्यात सांगतो. हिरवा लेझर त्याच शक्तीच्या लाल लेझरपेक्षा उजळ दिसतो, कारण डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. मात्र धुक्यात त्याची रेषा आपली जागाही दाखवून देते. लेझर नळीच्या खाली असतो. तो ३ सेंटिमीटर खाली असून नेम १० मीटरवर जुळवला, तर २० मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे ३-४ सेंटिमीटर खाली लागते. जोड काढून पुन्हा बसवल्यावर हा मेळ नेमबाजीच्या रेंजवर तपासावाच. आपल्याकडच्या अनेक .३२ पिस्तुलांना आणि रिव्हॉल्वरांना रेल, म्हणजे जोड बसवायची खाचेची पट्टी, नसते, तेव्हा आधी आपले हत्यार पाहावे. जोडासह बसेल असे होल्स्टरही (हत्याराचे म्यान) त्याच वेळी घ्यावे. बटण अंगठ्याला किंवा दुसऱ्या हाताला सहज लागावे, चापावरच्या बोटाला ते काम कधीही देऊ नये. दिव्याचे सीआर१२३ए (छोटे लिथियम) सेल जोड न काढता बदलता येत असतील तर उत्तम, कारण मग लेझरचा मेळ हलत नाही.